दोन ते आठ

द्वारका सर्कलजवळ, भूतडांच्या दुकानात
सीट कव्हरं आणि हॉर्नच्या गर्दीत
तो काउंटरवर बसलेला असतो,
करडा, अठरा लिटरचा,
जेवणाच्या डब्याच्या थोरल्या भावासारखा.
बारा व्होल्टवर चालतो, चोवीसवरही.
"साडेचौदा हजार," भूतडा म्हणतात,
"आणि निवृत्ती, हा भाव फक्त तुला."
दर खेपेला फक्त मलाच असतो,
दर खेपेला थोडा चढलेला.

मी पिंपळगावहून न्हावाशेव्याला द्राक्षं नेतो.
पाठीमागे तेरा टन गारवा.
अर्धा अंश इकडेतिकडे झाला की फोन वाजतो,
ऑफिसातली पोरगी विचारते,
"सानपकाका, माल बरा आहे ना?"
माल बरा आहे.
काकाला साखर आहे, हे तिला कशाला.

माझ्या इन्सुलिनच्या खोक्यावर छापलंय : दोन ते आठ.
केबिनमध्ये दुपारी एक्केचाळीस.
ढाब्यावर म्हणतात, एवढं मोठं फ्रीज ओढतोस,
ठेव की मागे!
मागे सील असतं.
आणि नसतं, तरी शून्याला औषध गोठतं,
एकदा गोठलं की टाकून द्यायचं.
गारवा आहे, माझ्या मापाचा नाही.

म्हणून सीटमागे मडक्यात मडकं,
मधल्या फटीत वाळू, वर ओलं फडकं.
नव्वद रुपये, कुंभारवाड्यातून.
कसाऱ्याच्या वळणांवर ते माझ्या आधी झुकतं
आणि क्लचपाशी चिखल होतो.

रंजनानं हिशेब केला, वीजबिलाच्या पाठीवर :
भत्त्यातून खेपेला चारशे वाचतात.
छत्तीस खेपा, वर शंभर रुपये.
हंगाम तिसाव्या खेपेला संपतो.
फेब्रुवारीत उन्हानं नासलेल्या दोन कुप्या
तिनं धरल्या नाहीत.
मी सांगितल्याच नव्हत्या.

मागच्या शनिवारी गंगापूर रोडची दोन पोरं आली,
धरणाच्या काठावर तंबू ठोकायला निघालेली.
दहा मिनिटांत घेऊन गेली.
भाव नाही विचारला, रंग विचारला.
एकानं मला दुकानातलाच समजून म्हटलं,
"काका, बॅटरी उतरली तर?"
मी सांगितलं, आपोआप बंद होतो, घाबरू नको.
सगळं पाठ आहे मला,
वॉरंटीच्या बारीक अक्षरांसकट.

"हिवाळ्यात ये," भूतडा म्हणतात,
"तेव्हा कुत्रं विचारत नाही. तेराला देईन."
थंडी थंडीत स्वस्त होते.

पण हिवाळ्यात मला कशाला?
जानेवारीत निफाडकडे पारा पाचावर येतो,
मणी तडकू नयेत म्हणून
बागांतून रात्रभर शेकोट्या धुमसतात,
धुरात माणसं खोकत फिरतात.
आणि मी यार्डात
काच दोन बोटं खाली करून
कुपी डॅशबोर्डवर ठेवतो, घोंगडी ओढतो.
दोन ते आठ. फुकट.
कुणाच्या बागेचं काय होतंय ते दिसत असतं,
तरी गाढ झोप लागते,
ही गोष्ट मी कुणाला बोललेलो नाही.

आज एप्रिल. खेप अठ्ठाविसावी.
भूतडांनी वायर जोडली, झाकण उघडलं,
"हात तर घाल."
घातला.
मनगटापर्यंत जानेवारी.
मागे कुणी तरी नवा हॉर्न वाजवून बघत होतं,
पुन्हा पुन्हा, तोच सूर.
मी म्हटलं, "शेठ, वरचे शंभर तरी सोडा."
ते हसले.
मी हात काढला नाही.