पडद्यामागून

पुढून दोन रुपये, मागून आठ आणे.
भाऊबीज सरली की सावरटोल्याला मंडई भरायची,
दंडारीच्या मांडवापल्याड टाकीजचा तंबू,
आणि फुलवंता मावशी मला घेऊन बसायची
पडद्याच्या मागे, तणसावर,
मांडीत उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली.

मागून सगळं दिसतं. फक्त उलटं.
पाटीवरची अक्षरं पाठ फिरवून उभी,
पोलिसाचा बिल्ला भलत्याच छातीवर,
आणि झाडून सगळे हिरो डावखुरे.

"कंदील पाय," मावशी म्हणायची.
"भडकला. आता म्हातारा जाते."
आणि म्हातारा जायचा.
मरताना तो दिसायचाच नाही,
नुसती खुंटी, खुंटीवर टोपी,
टोपी जराशी हललेली.
"मावशी, टोपी काऊन हलली?"
"मरन दाखवाची लाज वाट्टे त्याईले. मनून टोपी."
शेजारून दुर्योधनकाका, वायरमन:
"काही नाही जी, पंखा चालू असन शूटिंगमधी."
मावशी त्याला शिंगाड्याचं टरफल फेकून मारायची.

अशी मी वाचायला शिकले,
बाराखडीच्या थोडं आधीच.
पिंजऱ्याचं दार उघडं म्हणजे पोरगी पळणार.
दूध उतू गेलं म्हणजे तार येणार.
नदीत एकच चप्पल म्हणजे
कोणी काही विचारायचं नाही.
एवढं जमलं. एकच कोडं सुटेना:
डाव्या हाताने घास घेणारा,
डाव्याने बायकोला कुंकू लावणारा
आणि तरी शेवटी जिंकणारा माणूस,
ह्याचा अर्थ काय?
मावशी तोंडात शिंगाडा टाकून म्हणायची,
"अर्थगिर्थ नाही. तसेच असते ते. चांगले लोक."

पुढे वर्ध्याला, चित्रपट रसास्वादाचं शिबिर, पाच दिवसांचं.
सरांनी चित्र थांबवलं,
लेसरचा लाल ठिपका नायिकेच्या खांद्यावरून
दारापर्यंत नेला.
"ती डावीकडून उजवीकडे चालली आहे. म्हणजे?"
कोणी म्हणालं, भविष्य. कोणी म्हणालं, मुक्ती.
मी हात वर केला:
"आमच्या बाजूने ती परत येत होती."
वर्ग हसला.
"कुठली बाजू?" सरांनी विचारलं, अगदी मनापासून.
मला सांगता येईना. तेवढ्यात चहा आला.

कप धरला, आणि दिसली
पडद्यातून गळणाऱ्या उजेडात मावशीची सुरी,
शिंगाड्याचं काळं टणक शिंग कापताना.
कुठल्या हातात?
जुना शॉट, मागे नेता येत नाही.
तरी नेला. थांबवला.
डाव्या.
आणि त्या मनगटावर सुतळीचा गोल वण,
जो मी रोज पाहिला
आणि बांगडीचा समजले.
आज्याने हात खाटेच्या पायाला बांधून तिला जेवू घातलं होतं,
हे आई एकदा बोलता बोलता बोलली होती,
भात निवडताना, कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं.
पंगतीत मावशीला कधी वाढू देत नसत.
आणि दर मंडईला तिच्या कनवटीला
पुढच्या बाजूचे पैसे असायचे. दोघींचे.
मी मोजले होते.

रात्री गावी फोन केला.
तिच्या डोऱ्यांत आता मोतीबिंदू, टीव्ही ती ऐकते.
विचारणार होते.
नदीतली चप्पल आठवली, नाही विचारलं.
म्हटलं, "पिक्चर कसा आहे?"
"पोरगी आरशापुढं बसली असन," मावशी म्हणाली.
"लय वेळचं कोनी बोलूनच नाही राह्यलं.
मनात काहीतरी ठरवून राह्यली ते."
मागून दुर्योधनकाकाचा आवाज:
"लाइन गेली जी, कवाचीच."