फॉर्लॉर्न होपचं मराठी

मी लिहिलं होतं, ‘फोल आशा’.
पेझारकर सरांनी त्यावर लाल काट मारली
आणि समासात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं:
आशा नव्हे. माणसं आहेत ती.

कुण्या गोऱ्या शिपायाची पत्रं होती,
पानाला साठ रुपयांनी घेतलेलं काम.
सर चाळीस वर्षं दक्षिण कमांडच्या ऑफिसात
हुकुमांचं मराठी करत आले.
म्हणाले, तटाला भगदाड पडलं की
सगळ्यात आधी आत ढकलायची जी मूठभर,
ती फॉर्लॉर्न होप.
डचांकडचा शब्द. त्यांचा होप म्हणजे ढीग,
जमाव, तुकडी.
इंग्रजांनी तो कानाने घेतला
आणि कानाला आपलाच होप ऐकू आला.
‘परत न येणाऱ्यांचा ढीग,
आणि नाव पडलं आशा.’
त्यांची खारी चहात तुटून तळाला गेली.
ती चमच्याने काढून खाल्ली त्यांनी, सावकाश.

मग फॉर्लॉर्न.
यातला फॉर ‘साठी’वाला नाही,
तो वेगळा, केव्हाच वारलेला:
पुरतं, पार, मुळासकट.
लॉर्न म्हणजे हरवलेलं, लॉस्टचा थोरला भाऊ.
हल्ली एकटा कुठे दिसत नाही,
दिसलाच तर लव्हच्या मागे, शेपटासारखा.
आधी अर्थ होता वाया गेलेला, चालीने.
मग टाकून दिलेला.
मग नुसता चेहरा उतरलेला,
आणि शेवटी फलाटावर विसरलेल्या छत्रीलासुद्धा चालू लागला.

मी म्हटलं, सर, केविलवाणा?
ते बराच वेळ टोपण लावत-काढत बसले.
‘केविलवाण्याला बघणारा लागतो.
समोर कुणीतरी असतं, त्याच्या पोटात तुटतं.
फॉर्लॉर्नला तेवढंही नसतं रे.’

मग घड्याळ बघून उठले.
‘चल रास्ता पेठेत. भावाचं वर्ष आज.’
भाऊ अश्दोदला गेला तो तिकडेच.
मुलंही तिकडेच. सर दोनदा जाऊन आले,
तिथे म्हणे चिंच चांगली मिळत नाही.

देवळात मला एक काळी टोपी दिली,
कुणाच्या तरी डोक्याचा बाक आलेली.
बाकीची प्रार्थना एकट्यालाही चालते,
मेलेल्यांसाठीचीला दहा पुरुष लागतात.
आणि माणसं आकड्यांनी मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे हिब्रूत,
माणसागणिक एक शब्द.
वॉकर टेकत आलेले ॲरन दिवेकर, एक शब्द.
गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललेले एझ्रा मास्तर, एक.
दोघे जुळे रोहेकर, वेगवेगळ्या रंगांचे स्वेटर.
सर स्वतः.
असं होत होत वचन नवव्या शब्दावर थांबलं.
मी विचारलं, त्याचा अर्थ काय?
‘पर्यंत,’ सर म्हणाले.

मी मागच्या बाकावर होतो. अकरावा, विसावा, कितवाही असतो
तरी शब्द झालो नसतो.

केईएमच्या रक्ताच्या लॅबमधून रूबेन येणार होता,
ड्यूटी सुटली की.
पंखा. ॲरनकाकांचा खोकला.
टिफिनच्या डब्यातल्या मलिद्याचा गोड, ओल्या खोबऱ्याचा वास.
सात वाजले. सव्वासात.
कुणीच म्हणत नव्हतं, निघू या.

बाहेर रिक्षा थांबली.
नऊ टोप्या एकदम दाराकडे वळल्या,
माझीही.

कडेवर तापलेलं पोर घेतलेली बाई होती.
‘काका, केईएमचं गेट कुठून?’

सर उठून पार रस्त्यापर्यंत गेले,
हाताने डावीकडे दाखवलं,
मग तिला समजलं नसावं म्हणून
चार पावलं बरोबर चालले.
परत येऊन जागेवर बसले.
पुस्तक उघडं होतं, तसंच ठेवलं.

माझ्या वहीत त्या जागी
अजून नुसती रेघ आहे.