वाऱ्याची पिशवी

भरमाण्णा पावशे एअर फोर्समधून सुटून आले
तेव्हा गावाला वाटलं, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसणार.
पेन्शनीत आलेले तेच करतात.
त्यांनी जांबोटी रस्त्याची
बंद पडलेल्या कौल-कारखान्याची शेड घेतली,
जुना बॉयलर ट्रॅक्टरवर दोरखंडाने आवळून आणला
आणि काजूचा एक दाणाही फुटायच्या आधी
छपरावर चढून
बांबूला एक पिशवी बांधली.

दोन्ही तोंडं उघडी. एक रुंद, एक अरुंद.
वहिनींच्या केशरी लुगड्याची.
पाण्याची नाही, पिठाची नाही,
जिच्यात काहीच राहत नाही असली पिशवी.
सातव्वा हसली. मी तर तोंडात पदर कोंबला.

"घाटाकडचा असला की धूर शाळेवर जातो,"
ते वरूनच म्हणाले, "तेवढं कळायला."

टरफलांचा धूर डोळ्यांत मिरचीसारखा जातो,
आम्हाला सवय आहे.
बोटं तर चिकानं अशी काळी की
रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही.
पण पोरांना सवय लावायची नाही म्हणाले.
घाटाकडचा वारा असला की शाळा सुटेपर्यंत बॉयलर थंड.
आम्ही नुसत्या गर निवडत बसायचो,
पाकळी वेगळी, अख्खा वेगळा.
मजुरी कापली नाही. पहिली दोन वर्षं
स्वतःची पेन्शन कापत होते, हे मला मागाहून कळलं,
हिशेबाची वही माझ्याकडं आली तेव्हा.

भिंतीवर लाल फळी.
प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली.
संध्याकाळी सावल्या झाकल्या गेल्या तरच फाटक उघडायचं.
एकदा दहा नंबरचा पाना नव्हता.
खानापूरची शेवटची बस हॉर्न मारून गेली.
माझ्या पोरीला ताप. तानुबाई उघड शिव्या द्यायला लागली.
पोती ओतली, ट्रे उलटे केले, राखेत हात घातले.
सव्वाआठला सापडला,
त्यांच्याच स्वेटरच्या खिशात.

कोणी हसलं नाही.
त्यांनी वही मागून घेतली, स्वतःच्या हातानं लिहिलं:
दंड रुपये पन्नास, भ. ना. पावशे.
मग टेंपोतून एकेकीला दारात सोडत गेले.
मी शेवटची. रागात होते.
म्हटलं, एका पान्यानं काजूचं काय बिघडतंय गा?

बराच वेळ नुसता टेंपोचा आवाज.
"जोरहाटला एक हरवला होता."
मग?
"सापडला. आठ दिवसांनी."
चढावर गिअर बदलला.
"भाताच्या शेतात."

त्यानंतर फळीकडं मी
न बघता कधी घरी गेले नाही.

प्रदूषणवाला साहेब आला बेळगावहून.
फॉर्म कानडी, आमच्या तक्रारी मराठी,
दोघांच्या मध्ये चहा.
वर बोट करून म्हणाला, इदु एनु?
भरमाण्णा म्हणाले, गाळी चीला.
वाऱ्याची पिशवी, मी म्हटलं, हळूच.
गाळी म्हणजे वारा, हे तेव्हा समजलं,
इतकी वर्षं बाजारात ऐकून मला शिवीच वाटायची.
साहेब मान वर करून बघत राहिला.
चहावर साय धरली.

आता त्यांचे गुडघे गेलेत.
पिशवी दरवर्षी फाटते, यंदाची माझ्या साडीची.
माप त्यांनीच दिलं, हवेत हात धरून,
तोंड एवढं, शेपूट एवढं.
शिडीवर मी चढले.
वरून पहिल्यांदा सगळं दिसलं:
काजूच्या बागा, लाल रस्ता, शाळेचं पत्र्याचं छप्पर.
गोव्याकडं एक विमान चाललं होतं.
मी बघितलं. त्यांनी नाही.

"कुठला?" खालून विचारलं.
साडी हातातून सुटली, फुगली, वळली.
घाटाकडचा, म्हटलं.

त्यांनी घड्याळ बघितलं.
दोन वाजून वीस.
सातव्वानं बॉयलरपुढची काडेपेटी उचलली
आणि परत कोनाड्यात ठेवली.