वहीच्या मागच्या बाजूने

पुढून अ‍ॅनाटॉमी, मागून घरखर्च.
दोनशे पानी एकच वही,
कारण दुसरी वही म्हणजे एका दिवसाचं दूध.

पुढच्या पानावर हृदयाचे चार कप्पे, लाल-निळ्या पेनने.
मागच्या पानावर
वीज अकराशे चाळीस,
गटाचा हप्ता मंगळवारी, मंगळवारीच,
नागेशची शिकवणी (अर्धी दिली),
नायनाच्या गुडघ्याच्या गोळ्या,
आणि खाली पेन्सिलने, खोडता यावं म्हणून: माझे बूट.

वॉर्डात आम्ही चार्ट भरतो.
पेशंटच्या आत किती गेलं, बाहेर किती आलं,
चहासुद्धा मिलिलिटरमध्ये.
एकदा मॅडमनी वही उलटी उघडली.
कोंड्याल, हा कुठल्या खाटेचा पेशंट,
आत साडेचार, बाहेर आठ?
सगळा वर्ग हसला, मीही हसले.
म्हटलं, मॅडम, तो घरी असतो. विडी घरकुलात.

डोसचं गणित मला सगळ्यांच्या आधी समजलं.
हवा तेवढा, भागिले हाती आहे तेवढा.
उत्तर साडेतीन गोळ्या आलं की मॅडम म्हणतात
थांबा, कुठेतरी चुकलंय, पुन्हा करा.
फीचा दुसरा हप्ता एकवीस हजार. हाती सहा.
मी पुन्हा केलं.
साडेतीनच.

स्कॉलरशिप प्रक्रियेत आहे.
गेल्या दिवाळीपासून ती प्रक्रियेत आहे.
ऑफिसातले शिंदगीकर सर आता मला बघूनच
मान हलवतात, मी तोंड उघडायच्या आत.
नायनाचे लूम आठवड्यातून चार दिवस चालतात,
उरलेले तीन दिवस तो घरातल्या टॉवेलांचे
सुटलेले दोरे कापत बसतो
आणि कुणी बघितलं की कात्री मांडीखाली सरकवतो.

पैसे आले की मी सलाईनचं चाक फिरवावं तसं करते,
थेंब मोजून सोडते.
किराणावाल्या बत्तुलकाकांना इतके, उरलेले पुढच्या शनिवारी.
नागेश म्हणतो, तू घरातही सिस्टरच झालीस.
त्याला सहलीला अक्कलकोटला पाठवलं नाही
ते तो विसरलेला नाही.

अम्मा हजार विड्या घेऊन जाते.
चेकर बोटांनी चाळतो, चाळीस बाजूला काढतो.
त्यांना छाट म्हणतात.
छाटेचे पैसे मिळत नाहीत.
विड्याही परत मिळत नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला तिसऱ्या वर्षीही जमलेलं नाही.

आता प्रकरण सातवं, श्वसनसंस्था.
तंबाखूची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली की
काय होतं, सविस्तर लिहा, गुण दहा.
मी मोठ्याने पाठ करते,
दोन हातांवर अम्मा, मांडीवर सूप,
पान कापते, भरते, वळते, दोरा, टोक आत.
मध्येच खोकते, तोंड भिंतीकडे करून.
माझ्या फीतले सहाही हजार त्या सुपातून आलेत.
तिला मराठी वाचता येत नाही, समजतं मात्र सगळं.
ती विचारते, काय लिहिलंय गं त्यात?
मी म्हणते, परीक्षेचं आहे.

मग मी मराठीत पाठ करणं सोडून
मनात करायला लागते.

रात्री साडेदहाला, पाण्याचा पाचवा दिवस,
नळाची वाट बघत दोघी जाग्या.
मी म्हटलं, अम्मा, हात दे, प्रॅक्टिकल आहे.
छातीवरचं घड्याळ उलटं धरलं,
तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली.
तिने हात दिला, पण बोटं थांबली नाहीत.
ती कट्टे मोजत होती, तेलुगूत, ओठांतल्या ओठांत,
मी ठोके मोजत होते,
आणि चाळिसाच्या आसपास कुठेतरी
दोघींचे आकडे एकमेकांत मिसळले.

थांब ना जरा, मी म्हटलं.

तूच थांब, ती म्हणाली,
माझे अजून दोनशे राहिलेत.