उणे चाळीसला टिकणारं

ओरिसियाच्या रोपवाटिकेत झाडाची किंमत शेवटी कळते.
आधी ती विचारते:
वारा कुठल्या अंगाने येतो?
बर्फ लोटणारं यंत्र ढीग कुठे लावतं?
रस्त्यावर मीठ टाकतात का तुमच्याकडे,
आणि किती?

लोक फुलांबद्दल बोलायला आलेले असतात.

सस्कॅचेवानच्या या सपाट गावात
आडोसा म्हणजे धान्याचं कोठार आणि एक चर्च,
बाकी सगळं वाऱ्याच्या नावावर.

मागच्या साली नगरपालिकेचा ड्वेन आला.
स्टेशनच्या रस्त्याला एकच जात दे म्हणाला,
चाळीस अ‍ॅश, एका उंचीची, छान दिसतील.
एल्मही छान दिसायचे, ती म्हणाली,
एका माळेचे मणी.
रोग आला तेव्हा दोरा एकदाच तुटला.
मग पावतीच्या पाठीवर तिने लिहून दिलं:
बर ओक सात, लिंडेन नऊ, हॅकबेरी पाच,
कोपऱ्यावर, जिथे मीठ साचतं, तिथे काहीच नको.
ड्वेनने कागद उलटासुलटा केला.
हे तर वेगवेगळ्या तोंडांतले दात एकत्र बसवल्यासारखं दिसेल.
दिसू दे. चावता आलं म्हणजे झालं.

आणि तो एमरिक, रेल्वेतून निवृत्त झालेला,
दर मे महिन्यात जपानी मेपल मागायचा.
तीन नेले, तीन गेले.
रोझालीला कॅटलॉगमधलं ते पान आवडायचं.
कुठलं पान, छापलेलं की झाडाचं,
हे त्याने कधी सांगितलं नाही.

या वर्षी ओरिसियाने मागच्या रांगेतून
एक काटकुळं झाड ओढून आणलं.
आमूर मेपल. उणे चाळीसला टिकतं.
सप्टेंबरात लाल होतं. आठ दिवस.

लाल म्हणजे किती लाल?

मुळं, माती, गारठा, सगळ्याची उत्तरं असलेली बाई
इकडेतिकडे बघायला लागली.
मे होता. आवारभर नुसत्या करड्या काठ्या.
शेवटी तिने हायवेवरच्या थांबा-पाटीकडे बोट केलं.
त्याहून थोडं कमी.

एमरिक पाटीकडे बघत उभा राहिला.
एक ट्रक आला, थांबला, गेला.
मी झाड त्याच्या पिकअपमध्ये आडवं ठेवलं,
मुळांच्या गोळ्याला ओलं गोणपाट गुंडाळलं.

खड्डा किती खोल?

रुंद, ती म्हणाली. खोल नको.
आणि त्या तिघांच्या जागी नको.