बजावणी

सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टातून सायकलीनं,
पुढं बावड्याच्या नव्या इमारतीतून स्कूटरनं,
एकतीस वर्षं मी कागद पोचवले.
दार उघडणारा माणूस आधी माझे हात बघायचा,
मग तोंड.

उद्यमनगरात वडणगेकर बंधूंचं वर्कशॉप होतं.
तीन लेथ, एक भट्टी, अकरा कामगार.
वाटणीचा दावा पडला आणि मनाई हुकूम निघाला:
निकाल लागेपर्यंत जैसे थे.
तो मीच चिकटवला, दाराच्या सांध्यावर.
डिंक जरा जास्तच लागला.

जैसे थे काही राहत नाही.
पहिल्या साली कुलूप, तिसऱ्या साली पत्र्याला भोक.
बँकेनं लिहून दिलं, वादातल्या जागेवर कर्ज नाही.
फिटर शिरोलीला लागला, टर्नर पुण्याला गेला.
समोरच्या चहावाल्यानं गाडा हलवला,
अकरा कप गेले की दुधाचा हिशोब बसत नाही.
दाव्यात तो कुठंच पक्षकार नव्हता.

तारखा मात्र नेमानं पडल्या.
त्याच सांध्यावर मी सात नोटिसा डकवल्या,
एकीवर एक.

सुभाषनगरात शालन व्हटकर चपला शिवायची.
लक्ष्मीपुरीच्या व्यापाऱ्यानं बेचाळीस हजार बुडवले.
गल्ली म्हणाली, सोड, मोठ्या माणसाशी कशाला?
मी समन्स घेऊन गेलो तर
"मालक घरात नाहीत," असं मालकच म्हणाला.
तिचा निकाल दोन वर्षांत लागला.
का, ते मला आजही सांगता येत नाही;
जज्जसाहेब नवे होते, की वकीलबाई चिवट.
पैसे आल्यावर तिनं कातडं रोखीनं घेतलं,
आणि पुढच्या ऑर्डरीला करार मागितला, कागदावर.
पोरीनं वाचून दाखवला.
आता त्या गल्लीत चार घरं मागतात.

वडणगेकरांचा निकाल माझ्या रिटायरच्या महिन्यात आला.
ताबा वॉरंट घेऊन गेलो. दोघं भाऊ वारलेले,
पोरं आलेली, एकमेकांना अहो-जाहो करत.
कुलूप तोडलं तरी दार हलेना;
माझ्याच कागदांनी फळ्या धरून ठेवल्या होत्या.

आत लेथ. थोरल्याच्या पोरानं चक फिरवून बघितला,
अर्धा फेरा आला आणि अडकला.
"चालंल काय ओ हे?" त्यानं मला विचारलं.
मी बेलिफ. मला सही घ्यायची कळती.
भंगारवाला काटा घेऊन बाहेर उभाच होता.

इथं सही करा, मी म्हणालो,
आणि खाली तारीख.