खालची पट्टी

एक ऑगस्ट. बंदी उठली.
हर्णैच्या बंदरात पहाटे चारपासून इंजिनं खोकतायत
आणि सोसायटीच्या खिडकीपुढे डिझेलच्या पावतीसाठी
एकोणीस तांडेल, हातात ओल्या पिशव्या.
मी कॉम्प्युटर लावला.
निळा पडदा आला. त्यावर काहीही नव्हतं.

खालची पट्टी गेलेली.
डाव्या कोपऱ्यातलं बटण, जिथून नऊ वर्षं
मी रजिस्टर उघडते, तिथे नुसता निळा रंग,
आणि माऊस तिथेच घुटमळतोय,
बिऱ्हाड हललेल्या घराच्या पायरीवर मांजर येऊन बसतं तसा.

"काय गो मंदाताय, मशीन पण बंदीवर गेला काय?"
जनू पावसे हसला. मागचे हसले नाहीत.
त्यांना भरतीच्या पाण्यावर निघायचं होतं.

अल्ताफला फोन केला. दापोलीत मोबाइल दुरुस्त करतो.
त्यानेच ही सिस्टीम टाकून दिलेली, फुकटची,
लायसनचे पैसे सोसायटीकडे नव्हते तेव्हा.
म्हणाला, अपडेट आलंय मावशी, आता असंच असतं.
माऊस वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, सगळं पसरेल.

नेला. पसरलं,
जाळं उलटं झटकावं तसं:
कॅल्क्युलेटर, बर्फाचे हिशेब, गेल्या नारळी पौर्णिमेचे फोटो,
त्यात चेअरमन डोळे मिटून.
रजिस्टर कुठल्या कुठे.

हे ठरवलं कुणी?
बनवणाऱ्यांनी.
त्यांनी कधी रांग बघितलीय?
बरेचसे पगारसुद्धा घेत नाहीत मावशी, रात्री जागून करतात.
त्यांना हे स्वच्छ वाटतं.
आणि कोड उघडा आहे. कुणीही बदलू शकतं. तुम्हीसुद्धा.

मीसुद्धा!
समुद्रही उघडाच आहे, अल्ताफ.
म्हणून पावत्या फाडणाऱ्या बाईने
पोहत आंजर्ल्याला जायचं?

शेजारीण वाटीभर कालवण देते, तेही फुकटच.
खारट झालं तर सांगतो की आपण,
निदान वाटी परत करताना.

माझा बाप खुणांवर बोट आणायचा.
कस्टमच्या कचेरीचं लाल छप्पर आणि मागचं सुरूचं झाड
एका रेषेत आलं की वळायचं, खडक चुकतो.
एका वर्षी कचेरीवर निळे पत्रे चढले.
कुणी वाईट केलं नव्हतं. छप्पर गळत होतं.
पण त्या संध्याकाळी तो बाहेरच थांबून राहिला
दिवे लागेपर्यंत,
आणि रात्री जेवताना, काटे बाजूला काढत,
एवढंच म्हणाला,
विचारायला हवं होतं कुणीतरी.

कपाटातून कार्बन काढला.
एकोणीस पावत्या हाताने लिहिल्या.
हुसेन तांडेलचा नऊ मला सात दिसला,
ते भांडण अजून चालू आहे.

अल्ताफ आला तो तीन आठवड्यांनी.
म्हणाला, हे काही जणांना आवडलं नव्हतंच.
त्यांनी जुनं वेगळं काढून चालू ठेवलंय.
कोण ते?
कोण जाणे. लांबचे कुणी.
त्याने ते टाकलं. पट्टी आली. बटण आलं,
जिथल्या तिथे.
त्या लांबच्या कुणाला
सुके बोंबील पाठवावेत असं वाटलं,
पण पत्ता काय घालायचा?

दुसऱ्या दिवशी खिडकीत जनू.
मी बसले, आणि माझा हात
सरळ वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला.
तिथे काही नव्हतं.
"आता काय झालं?"
थांब जरा, म्हटलं,
हात अजून बंदराला लागायचाय.